ओटीपोटातल्या दुखण्याचा शंभर वर्षांचा मागोवा

ओटीपोटात कळ, तासातासाला लघवी, जळजळ. घरचे म्हणतात, "उन्हाळे लागले असतील, पाणी पी." मग तपासण्या होतात आणि रिपोर्ट नॉर्मल येतात. या दुखण्याकडे वैद्यकाने गेल्या शंभर वर्षांत कसं पाहिलं?

१९१५ साली बाल्टिमोरचे स्त्रीरोगतज्ज्ञ गाय हनर यांनी काही बायकांच्या मूत्राशयातला एक विशिष्ट व्रण नोंदवला. दुखण्याला डोळ्यांना दिसणारी खूण मिळाली. पण पुढे तीच कसोटी झाली. व्रण दिसला तर आजार, नाही तर मनाचा खेळ! बहुतेक रुग्णांत हा व्रण नसतोच.

जंतूंचंही तसंच झालं. १९५०च्या दशकात एडवर्ड कास यांनी मिलिलीटरमागे एक लाख जंतू ही मर्यादा रूढ केली. ती ठरली मुख्यतः मूत्रपिंडाच्या संसर्गावरून. त्याहून कमी जंतू असलेल्या कित्येकींना 'संसर्ग नाही' असं सांगितलं गेलं. १९८२ मध्ये वॉल्टर स्टॅम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्रास होत असलेल्या स्त्रीत शंभर जंतूही पुरेसे असू शकतात.

१९८४ मध्ये स्वतः या दुखण्याने हैराण झालेल्या विकी रॅटनर यांनी अमेरिकेत रुग्णांची संघटना उभारली. व्याख्या बदलायला मात्र आणखी वर्षं लागली. २००८ पर्यंत युरोपातल्या तज्ज्ञांनी 'ब्लॅडर पेन सिंड्रोम' हे नाव पुढे आणलं. त्यात व्रणापेक्षा रुग्णाची तक्रार महत्त्वाची. अट एवढीच, की तसाच त्रास देणारे इतर आजार आधी तपासायचे.

ते आजार थोडे नाहीत: मुतखडा, एंडोमेट्रिओसिस, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा ताठरपणा, पुरुषांत प्रोस्टेटची सूज, क्वचित मूत्राशयाचा कर्करोग. आपल्याकडे मूत्रमार्गाचा क्षयही विसरून चालत नाही. लघवीत पू दिसतो, पण नेहमीच्या कल्चरमध्ये काहीच वाढत नाही. क्षयाच्या जंतूंची वेगळी तपासणी सांगावी लागते.

म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी शोध थांबवू नये. कितीदा लघवी झाली, दर वेळी किती, कळ कधी आली, हे दोन-तीन दिवस लिहून डॉक्टरांना दाखवावं. लघवीत रक्त किंवा थंडीताप असेल तर लगेच जावं. तक्रार खरी मानून तपासणी सुरू करणं, हाच या शंभर वर्षांचा धडा आहे.