दोन ग्राफिक्स कार्डांचा संगणक आणि मदरबोर्डाची पारख

(लेखक : एक घाऊक धान्यव्यापारी, रविवार पेठ, बेळगाव)

ज्याचे सारे आयुष्य तूर, हरभरा आणि जोंधळ्याच्या पोत्यांत गेले, ज्याचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, अशा मनुष्याने संगणकाच्या मदरबोर्डावर लेखणी चालवावी हे पाहून स्मरणिकेच्या वाचकांस नवल वाटेल. संपादक मंडळाने मजकडे डाळींच्या बाजारासंबंधी लेख मागितला होता. परंतु डाळींविषयी मी काही नवे सांगावे असे ह्या पेठेत फारसे उरलेले नाही. उलट गेल्या वर्षभरात आमच्या पेढीचे पैसे ज्या एका खरेदीत वाया गेले तिची हकीकत कोणा व्यापारी बंधूच्या उपयोगी पडण्याचा संभव अधिक आहे. कारण आता जवळजवळ प्रत्येकाच्याच घरी संगणकाचे वेड घेतलेला एखादा मुलगा किंवा नातू आहे, आणि त्याच्या खरेदीचे बिल शेवटी गादीवरच येते.

प्रकरणाचा उगम तुरीत आहे. आम्ही पाठविलेली तुरीची एक गाडी खरेदीदाराने वानगीशी माल जुळत नाही असे म्हणून अडवून धरली. डागी दाणा किती, फुटका किती, ह्यावर दोन दिवस फोनवर वाद चालला, आणि शेवटी आम्हांस भाव तोडून द्यावा लागला. माझा नातू तेव्हा शेजारी बसून हे सर्व ऐकत होता. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याने मनाशी घेतले की, वानगीचे छायाचित्र घेतल्याबरोबर संगणकाने चांगला, डागी, फुटका व किडका दाणा वेगळा ओळखून त्याचे प्रमाण सांगावे. त्यासाठी संगणकास हजारो दाण्यांची छायाचित्रे दाखवून शिकवावे लागते, आणि हे शिकविण्याचे काम मुख्य प्रोसेसरापेक्षा ग्राफिक्स कार्ड पुष्कळ वेगाने करते. त्याच्याजवळ २०२२ साली घेतलेला संगणक होता. त्यात इंटेलचा आय५-१२४०० हा प्रोसेसर, बी-६६० जातीचा लहान आकाराचा मदरबोर्ड आणि एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० हे १२ गिगाबाइटचे कार्ड. एकेका शिकवणीस रात्र पुरेना.

“आजोबा, असेच दुसरे कार्ड बसविले म्हणजे काम निम्म्या वेळात होईल,” असे तो २०२४ च्या दिवाळीपूर्वी म्हणाला.

“अरे, पण ते बसेल कोठे?” मी विचारले.

“खाच आहे की रिकामी!”

खाच होती खरी. परंतु कार्ड घरी आल्यावर असे दिसले की, लहान बोर्डावरची ती दुसरी खाच अगदी तळाला होती. कार्डाची जाडी दोन खाचांची. ते बसविले की खालच्या बाजूच्या, कॅबिनेटच्या बटणांच्या व यूएसबीच्या तारा लावावयाच्या टोकांवर ते चढून बसे आणि शिवाय कॅबिनेटच्या तळच्या पत्र्यास टेकत असे. तेव्हा मोठा बोर्ड घ्यावा असे ठरले, आणि मी स्वतः त्याच्याबरोबर दुकानात गेलो. दुकानदारास मी स्पष्ट विचारले, “ह्यावर दोन ग्राफिक्स कार्डे बसतात ना?” तो म्हणाला, “बसतात की! दोन लांब खाचा आहेत, पाहा.” बी-७६० जातीचा तो बोर्ड आम्ही सोळा हजारांना घेतला. दुकानदार खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. मी ‘बसतात का’ एवढेच विचारले होते. ‘चालतात कशी’ हे विचारले नव्हते. धान्याच्या व्यवहारात अशी चूक मी विसाव्या वर्षीही केली नसती.

दोन्ही कार्डे बसली, संगणकाने दोन्ही ओळखलीही. पण निम्म्या वेळाची गोष्ट दूरच राहिली. रात्रभराचे काम पहाटेच्या थोडे अलीकडे संपू लागले एवढाच फरक. नातू दोन दिवस प्रणालीतील चूक शोधीत बसला. चूक प्रणालीत नव्हतीच, ती बोर्डाच्या रचनेत होती.

ही रचना मी त्याच्याकडून समजून घेतली ती अशी. कल्पना करा की एका वखारीस दोन दरवाजे आहेत, दोन्ही सारखेच रुंद, सारखेच रंगविलेले. परंतु पहिल्या दरवाजापर्यंत मोठा रस्ता येतो व त्यावरून मालमोटार थेट आत जाते; दुसऱ्या दरवाजामागे मात्र हातगाडीपुरता बोळ आहे. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही दरवाजे एकच. मदरबोर्डावरील लांब खाच ही अशी असते. ग्राफिक्स कार्डासाठी तिच्यात सोळा मार्गिकांची जागा असते, ज्यांस या धंद्यातली मंडळी लेन म्हणतात. पण त्या सोळाही मार्गिका मागे जोडलेल्या असतीलच असे नाही. आमच्या बोर्डाच्या दुसऱ्या खाचेत तिसऱ्या पिढीच्या चारच मार्गिका होत्या, आणि त्याही प्रोसेसरापर्यंत थेट न जाता चिपसेटमधून जात होत्या, जेथून डिस्क, यूएसबी आणि नेटवर्क यांचीही ये-जा चालू असते. आकड्यांत सांगावयाचे तर चौथ्या पिढीच्या सोळा मार्गिकांतून एका दिशेने सेकंदाला सुमारे ३२ गिगाबाइट माल जातो, आठांतून सुमारे १६, आणि तिसऱ्या पिढीच्या चारांतून जेमतेम ४.

येथे वाचक विचारील की, हा बोळ सर्वच कामांस नडतो काय? नाही, आणि हे सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. एखादा घरांची चित्रे ब्लेंडरसारख्या प्रणालीवर काढीत असेल, तर तेथे प्रत्येक कार्ड सगळा देखावा एकदा आपल्या स्मृतीत भरून घेते आणि मग स्वतंत्रपणे रंगवीत बसते. त्याला चार मार्गिका असल्या तरी फारसे बिघडत नाही. आमचे काम निराळे होते. शिकवणीत छायाचित्रांचे निम्मे गठ्ठे एका कार्डाकडे, निम्मे दुसऱ्याकडे जातात, आणि प्रत्येक फेरीनंतर दोघांना आपापला हिशेब एकमेकांशी जुळवावा लागतो. दोन मुनीम दोन वह्या लिहीत आहेत आणि दर घटकेस मेळ घालीत आहेत अशी कल्पना करा. त्यांच्यामध्ये बोळ असला तर लिहिण्यापेक्षा वाट पाहण्यातच वेळ जातो.

खेळांसाठी दोन कार्डे घेऊ पाहणाऱ्या मुलांस मात्र वडीलधाऱ्यांनी सरळ नाही म्हणावे. ती पद्धत एके काळी खरोखरीच होती. थ्रीडीएफएक्स ह्या कंपनीने १९९८ साली व्हूडू-२ ह्या कार्डाबरोबर दोन कार्डे जोडण्याची युक्ती लोकप्रिय केली; एनव्हिडियाने २००४ साली एसएलआय नावाने आणि एटीआयने २००५ साली क्रॉसफायर नावाने ती पुन्हा आणली. परंतु खेळ लिहिणाऱ्यांनाच त्यासाठी वेगळे कष्ट पडत, आणि हळूहळू त्यांनी ते सोडले. २०२० च्या सप्टेंबरात एनव्हिडियाने सांगून टाकले की, १ जानेवारी २०२१ पासून जुन्या कार्डांसाठीही एसएलआयच्या नव्या तरतुदी केल्या जाणार नाहीत. आरटीएक्स ३०९० वर दोन कार्डे जोडण्याची कडी होती. २०२२ मधल्या ४०९० वर तीही राहिली नाही. आज एखादा विक्रेता ‘एसएलआय चालते’ हे बोर्डाचे भूषण म्हणून सांगू लागला तर तो मागील हंगामाचा माल खपवीत आहे असे समजावे.

असो. आता खरा प्रश्न मार्गिका येतात कोठून हा. आमच्या जातीच्या प्रोसेसरातून ग्राफिक्ससाठी सोळाच मार्गिका निघतात. दोन कार्डांना सोळा-सोळा मिळणे ह्या वर्गातल्या संगणकात शक्यच नाही. जास्तीत जास्त होऊ शकते ते हे की, त्या सोळांची आठ आणि आठ अशी वाटणी व्हावी. ही वाटणी इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांबरोबर झेड जातीच्या चिपसेटवर करता येते, बी-६६० व बी-७६० वर करता येत नाही. प्रोसेसर तोच, पण बोर्ड स्वस्तातला घेतला की त्याची वाटणी बंद. ह्यात कारागिरीपेक्षा दुकानदारी अधिक आहे हे माझ्यासारख्यास कोणी समजावून सांगावयास नको.

तरीही केवळ ‘झेड’ अक्षर पाहून पैसे देऊ नयेत. झेड-७९० जातीचे कित्येक बोर्ड असे आहेत की, त्यांच्या निर्मात्याने वाटणीची यंत्रणा घातलेलीच नाही, आणि दुसरी खाच चिपसेटच्या चार मार्गिकांवरच सोडली आहे. एएमडीच्या एएम-५ बोर्डांतही हाच प्रकार. चिपसेट वाटणी करू देतो, पण बोर्ड करतोच असे नाही. म्हणून निर्मात्याच्या पुस्तिकेतले खाचांविषयीचे पान काढून वाचावे. तेथे पहिल्या दोन खाचांपुढे ‘एक्स१६ किंवा एक्स८/एक्स८’ असे लिहिलेले असेल तर वाटणी आहे. दुसरीपुढे ‘एक्स४ मोड’ असे असेल तर तो बोळ आहे, मग खाच कितीही लांब असो. पुस्तिका हाताशी नसेल तर खाचेत उजेड धरून पाहावे. चार मार्गिकांच्या लांब खाचेत बहुधा एका टोकाकडील थोड्या भागातच धातूची टोके दिसतात, उरलेला भाग रिकामा. पोत्याच्या तोंडाशी चांगला दाणा आणि तळाला खडे, हा अनुभव आपणांस आहेच.

एएमडी घेणाऱ्यांनी प्रोसेसराचेही नाव नीट पाहावे. रायझन ७०००च्या सामान्य प्रोसेसरांत ग्राफिक्ससाठी सोळा मार्गिका आहेत, पण ८७००जी ह्यात आठच आहेत. उत्तम बोर्ड घेऊन त्यावर तो बसविला तर वाटावयास काय उरणार? उलट आरटीएक्स ४०६० टीआयसारखी कार्डे मुळातच आठ मार्गिकांची आहेत. अशी दोन कार्डे आठ-आठ वाटणीवर ठेवली तर त्यांचे काहीच कमी होत नाही. काही बोर्डांवर एखाद्या विशिष्ट जागी एम-२ डिस्क बसविली की दुसऱ्या खाचेच्या मार्गिका कमी होतात किंवा ती बंदच पडते. तोही मजकूर पुस्तिकेतच बारीक टिपेत असतो. तीन-चार कार्डांची ज्यास गरज आहे त्याने ह्या वर्गाचा नाद सोडून थ्रेडरिपर किंवा झिऑनकडे वळावे. तेथे मार्गिका मुबलक, आणि किंमतही त्याच मानाने.

आम्ही पहिला बोर्ड परत करावयास गेलो तेव्हा दुकानदाराने प्रोसेसराच्या जागेवरील झाकण काढलेले आहे असे सांगून तो घेण्यास नकार दिला. मग पुस्तिका वाचून आसूसचा प्रोआर्ट झेड-७९० क्रिएटर हा बोर्ड ठरविला. त्यास पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट पैसे पडले. घरी आल्यावर आणखी एक खर्च निघाला. नातवाची जुनी रॅम डीडीआर-४ जातीची, आणि हा बोर्ड डीडीआर-५ घेणारा. प्रोसेसर दोन्ही चालवितो, पण बोर्ड एकच जात घेतो आणि खाचाही निराळ्या. हे नातवास माहीत होते. हिशेब मांडताना त्याने ते धरले नव्हते. मी त्यास रागावलो नाही. पहिल्या बोर्डाच्या वेळी गादीवरून उठून दुकानात गेलो होतो तो मीच.

विजेचा हिशेब मात्र मी स्वतः केला. आरटीएक्स ३०६० चे एक कार्ड १७० वॅट घेते, दोन ३४०. प्रोसेसर भरात असता ११७ पर्यंत जातो. हे झाले ४५७, त्यावर बोर्ड, डिस्का, पंखे. आमचा एसएमपीएस ५५० वॅटचा, एका कार्डासाठी घेतलेला. इतक्या काठावर रात्रभर यंत्र चालविणे म्हणजे मालमोटारीत क्षमतेइतका माल भरून घाट चढणे. ८५० वॅटचा घेतला, आणि दोन कार्डांना दोन वेगळ्या तारा लावल्या. एकाच तारेला फाटा फोडून दोन्हीकडे नेऊ नये.

राहिली हवा. खाचांच्या जागा एकमेकींपासून सुमारे २० मिलिमीटरवर असतात. दोन खाचा जाडीची दोन कार्डे एकमेकांस खेटून बसली की वरच्या कार्डाचे पंखे खालच्या कार्डाच्या तापलेल्या पाठीवरची ऊन हवाच ओढीत राहतात. म्हणून वापरावयाच्या दोन खाचांत निदान तीन जागांचे अंतर असावे. तीन खाचा जाडीची कार्डे असतील तर त्याहून अधिक, आणि कॅबिनेटही तितके खोल व उंच. दुकानात जाताना मोजपट्टी न्यावी. लोक हसले तर हसोत.

दोन कार्डांनी स्मृती दुप्पट होते असाही एक गैरसमज आहे. आमच्या पद्धतीच्या शिकवणीत दोन्ही कार्डांवर सगळी प्रणाली वेगवेगळी मावावी लागते. १२ आणि १२ मिळून २४ होत नाहीत. भाषेच्या मोठ्या प्रणाली नुसत्या चालविणाऱ्यास मात्र तिचे थर दोन कार्डांवर वाटून ठेवता येतात, आणि तेथे बेरीज बरीचशी खरी ठरते. ज्यास एकाच कामासाठी अधिक स्मृती हवी, त्याने दुसरे कार्ड न घेता पहिले विकून एक मोठे घ्यावे हेच बहुतेक वेळा स्वस्त पडते. हे आमच्याही बाबतीत खरे होते की काय, ह्यावर नातवाचे व माझे अद्याप एकमत नाही.

नव्या बोर्डावर काम आता मध्यरात्रीच्या सुमारास संपते. प्रणाली फुटका दाणा चांगला ओळखते. किडका आणि डागी यांत अजून गफलत करते, आणि पावसाळ्यातल्या तुरीची छायाचित्रे दिली की अगदीच गोंधळते. त्यासाठी नवी छायाचित्रे काढणे चालू आहे. दाणे निवडून देण्याचे काम माझ्याकडे आहे. बी-७६० चा तो बोर्ड आम्ही पेढीच्या बिलांच्या संगणकात बसविला. तेथे त्याला एकही ग्राफिक्स कार्ड लागत नाही.