एक सुमो म्हणजे साडेसदतीस आगगाड्या!

साडेसात लिटर! हा आकडा पाण्याच्या कळशीचा नाही, एका घरगुती गाडीच्या इंजिनाचा आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत फोर्डची ‘कंट्री स्क्वायर’ नावाची स्टेशन वॅगन मिळायची, आणि हे तिचं सर्वांत मोठं इंजिन. आपल्या मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं. म्हणजे एका बॉनेटखाली नऊ मारुत्या, आणि तरी थोडं उरतंच! लांबी ५.७ मीटर. शेजारी मारुती लावली तर ती जवळपास आठ फूट आखूड पडेल. वजन सव्वादोन टनांच्या घरात, तीन मारुत्यांहून जड. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांसारखी नक्षी, आणि मागच्या भागात समोरासमोर दोन छोटी बाकडी. सगळी मिळून दहा माणसं.

समोरासमोर बाकडी आणि दहा माणसं. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडच्या माणसाला हे वर्णन ओळखीचं वाटणारच, कारण ही तर आपली सुमो!

१९९४ साली टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, ती बाजारात आणली. कंपनीचे माजी अध्यक्ष सुमंत मुळगावकर यांच्या नावातला ‘सु’ आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला (Moolgaokar) ‘मो’ घेऊन तिचं नाव ठेवलं. तीन वर्षांत एक लाखाहून अधिक गाड्या खपल्या. आता एक लाख म्हणजे किती, ते बघू. सुमोची लांबी सुमारे ४.४ मीटर. एक लाख सुमो एकीमागे एक, बंपरला बंपर लावून उभ्या केल्या, तर रांग होते ४४० किलोमीटरची. मुंबईहून पुणे, पुण्याहून परत मुंबई, आणि पुन्हा पुण्याच्या वेशीपर्यंत नुसत्या सुमोच सुमो! बसणारी माणसं दहा लाख. शयनयानाच्या एका डब्यात ७२ बर्थ, तसे वीस डबे धरले तर एका गाडीत १,४४० माणसं. दहा लाखांना अशा जवळजवळ सातशे आगगाड्या लागतील!

पण लाखाचं सोडा, एकच गाडी घेऊ. उमरखेड स्टँडवरची काळी-पिवळी. मागचं दार कुशीवर उघडतं, त्यावर स्टेपनी लटकलेली, वर कॅरियरवर पोती आणि बॅगा. आत बाकड्यांवर गुडघ्याला गुडघा भिडलेला. उमरखेड-नांदेड हे अंतर सुमारे ७५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १५०. अहो, हेच तर मुंबई-पुणे! रोज एक फेरी, वर्षाला ३०० दिवस, अशी दहा वर्षं धरा. साडेचार लाख किलोमीटर होतात! पृथ्वीला अकरा प्रदक्षिणा. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. तो गाठून आपली काळी-पिवळी ६५,६०० किलोमीटर पुढे गेलेली असेल. म्हणजे चंद्र ओलांडल्यावर आणखी चारशे सदतीस वेळा मुंबई-पुणे!

माणसं किती नेली? चालक सोडून नऊ. जाताना नऊ, येताना नऊ. दहा वर्षांत ५४,०००. शयनयानाच्या साडेसदतीस गाड्या भरल्या! तेही अशा गावातून, जिथे वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेची वाट लोक अजून बघताहेत.

डिझेलचंही बघू. लिटरला १२ किलोमीटर धरले तर ३७,५०० लिटर. वीस फूट व्यासाच्या विहिरीत ते ओतलं तर चार फुटांवर चढेल. नव्वद रुपये भावानं पावणेचौतीस लाख. आणि तेवढंच अंतर कंट्री स्क्वायरनं कापलं तर? लिटरला चार किलोमीटर धरा. एक लाख साडेबारा हजार लिटर पेट्रोल! त्याच विहिरीत साडेबारा फूट! शंभर रुपयांच्या भावानं एक कोटी साडेबारा लाख!

१९७३ च्या तेलसंकटात पिंपाचा भाव काही महिन्यांत तीन डॉलरवरून बाराच्या आसपास गेला, आणि या धुडांचे दिवस फिरले. १९९१ मध्ये कंट्री स्क्वायर बंद झाली, २०१९ मध्ये सुमो. पण मोठी गाडी कोणती बरी, हा वाद संपलेला नाही. तिकडे जुन्या वॅगनच्या आठवणी काढणारे उंच एसयूव्हीवाल्यांशी भांडतात, इकडे चहाच्या टपरीवर सुमो बरी की ट्रॅक्स, आणि अर्टिगा घ्यावी का, हे चालूच असतं.

माझं मत पक्कं आहे. गाडी इंजिनावरून नाही, भरलेल्या जागांवरून मोजावी. कंट्री स्क्वायरला मुंबई-पुण्याला ३,७५० रुपयांचं पेट्रोल लागेल. एकटा गेला तर सगळे त्याच्याच खिशातून, दहा जण गेले तर माणशी ३७५. सुमोत दहा जण असले तर माणशी साधारण ११२ रुपये! दहाच्या जागी पंधरा कोंबून मिळणारा स्वस्तपणा मात्र मी या हिशेबात धरलेला नाही, कुणी धरूही नये. तो जिवावर बेततो.

स्टँडवर एखादी जुनी काळी-पिवळी दिसली, तर चालकाला मीटरचा आकडा विचारा आणि त्याला १५० नं भागा. ती गाडी कितीदा मुंबईहून पुण्याला गेली असती, ते उत्तर गाडीतल्या सगळ्यांना मोठ्यानं सांगा.