वजन मुलाचं, पथ्य घराचं

जगातल्या ५ ते १९ वर्षांच्या मुलांमध्ये लठ्ठ मुलांचं प्रमाण पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झालं, असं युनिसेफने सप्टेंबर २०२५मध्ये जाहीर केलं. लठ्ठ ९.४ टक्के, कमी वजनाची ९.२ टक्के. अशी बातमी आली की घरोघरी नजर वळते ती दहा-अकरा वर्षांच्या लेकीच्या ताटाकडे. ‘‘तुला दुसरा लाडू नाही,’’ असं तिला बजावलं जातं आणि शेजारी बसलेल्या सडपातळ दादाला आग्रह होतो. त्यात पाहुण्यांपैकी कुणीतरी ‘‘काय गं, बरीच सुटलीस की!’’ म्हणतंच.

या वयात वजन वाढणं हा निसर्गक्रमच आहे. वयात येताना उंची झपाट्याने वाढते आणि बऱ्याच मुलांच्या अंगावर त्याआधी थोडी चरबी चढते. म्हणून काट्यावरच्या आकड्याने घाबरण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडचा वाढीचा तक्ता पाहावा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५चे तक्ते भारतीय मुलांच्या मोजमापांवर बेतलेले आहेत आणि त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर पुढे होते. तक्त्यातली रेघ ओलांडली गेली तरी पुष्कळदा किलो घटवायचे नसतात. वजन आहे तिथे थोपवायचं. उंची वाढली की प्रमाण सुधारतं.

पण थोपवायचं कुणी? याचं सर्वांत सुंदर उत्तर इस्रायलच्या संशोधक मोरिया गोलान यांनी १९९८ साली दिलं. वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांवर रकानेच्या रकाने छापून येतात, गोलान यांचं नाव मात्र क्वचितच कानावर पडतं, याची खंत वाटते. त्यांनी ६ ते ११ वर्षांची ६० लठ्ठ मुलं निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटातल्या मुलांना आहारतज्ज्ञाने थेट शिकवलं, ३० सत्रांत. दुसऱ्या गटातलं एकही मूल सत्राला आलं नाही! आले ते फक्त आईवडील, तेही १४ सत्रांना. घरात काय आणायचं, टीव्हीसमोर खाणं कसं थांबवायचं, आपण स्वतः कसं जेवायचं, हे ते शिकले. मुलांना शिकवलेल्या गटात जादा वजनाचं प्रमाण सरासरी ८.१ टक्क्यांनी उतरलं; पालकांना शिकवलेल्या गटात १४.६ टक्क्यांनी. मध्येच सोडून जाणारेही पालकांच्या गटात फार कमी होते. सात वर्षांनी पाहिलं, तरी हाच गट पुढे होता.

असं का व्हावं, याचा एक धागा अमेरिकेच्या लीअन बर्च यांच्या प्रयोगात सापडतो. त्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांसमोर फळांचा गर भरलेली दोन तऱ्हेची बिस्किटं ठेवली. एक हवं तेव्हा घ्यायचं. दुसरं पारदर्शक बरणीत, समोरच, पण थोडाच वेळ खुलं. मुलांचं सगळं लक्ष बरणीकडे! तीच मागायची, तिचंच कौतुक करायची आणि बरणी उघडल्यावर त्यातलंच जास्त खायची. फडताळाच्या वरच्या फळीवर ‘‘तुझ्यासाठी नाही’’ म्हणून ठेवलेला चिवड्याचा डबा हेच काम करतो. डबा घरात नसला, किंवा असला तर सगळ्यांनी वाटीवाटीने एकत्र बसून खाल्ला, तर मनाई कुणा एकाच्या वाट्याला येत नाही.

टोमणे ऐकून मूल ‘डाएट’ करू लागलं, तर तो हिशेब फारच कडू आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या डायॲन न्यूमार्क-श्टायनर यांनी किशोरवयीन मुलांचा पाच वर्षं मागोवा घेतला. सुरुवातीला ‘डाएट’ करणारी मुलंमुली पाच वर्षांनी जास्त वजनाची होती आणि भसाभस खाण्याचा धोकाही त्यांच्यातच जास्त होता. घरच्यांनी लाडाने ठेवलेलं ‘गोलू’सुद्धा मुलाच्या मनात चिडवणं म्हणूनच रुतू शकतं. तेव्हा आजी, काका, मामी यांना मुलांच्या अंगावरून बोलू नका, असं स्पष्ट सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. तसंच शाळेतून आल्यावरची भूक खरी असते. तेव्हा बिस्किटांच्या पुड्याआधी पोळी-भाजी किंवा उसळ समोर आली, तर वजनाचा विषयही निघत नाही.

मात्र मानेवर काळसर, जाडसर पट्टा दिसला किंवा झोपेत मोठ्याने घोरणं सुरू झालं, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. वेळ घेतानाच त्यांना सांगून ठेवता येतं, की वजनाचं बोलणं आधी आईबाबांशी करा; तेवढा वेळ मूल बाहेर बसेल.