मळणीचा हंगाम आणि कानांचे रक्षण

तिवड्याभोवती बैलांची पात फिरवून मळणी करण्याची रीत आता बहुतेक गावांतून मागे पडली आहे. ज्या कामास पूर्वी आठ-पंधरा दिवस लागत, ते मळणी यंत्र काही तासांत उरकते. दाणा लवकर घरी येतो आणि अवकाळी पावसाची धास्ती राहत नाही. यंत्राचा हा लाभ निर्विवाद आहे. मात्र त्याबरोबर खळ्यावर जो गोंगाट आला, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. यंत्रात हात सापडून होणारे अपघात सर्वांना दिसतात. अशा यंत्रांच्या नियमनासाठी १९८३ साली कायदाही झाला. कानाची इजा अशी दिसत नाही. तीत रक्त येत नाही, वेदना होत नाही, आणि काम एक दिवसही थांबत नाही.

कानाचा पडदा व त्यामागील तीन इवलीशी हाडे आवाजाची कंपने आतील कानापर्यंत पोचवितात. तेथे गोगलगायीच्या शंखाप्रमाणे वेटोळे घेतलेली एक नळी असते आणि तीत प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. कंपनांचा संदेश मेंदूकडे धाडण्याचे काम त्या करतात. हरळीवर एकदा पाऊल पडले तर वाकलेली पाती थोड्या वेळाने पुन्हा उभी राहतात. रोज त्याच जागी वर्दळ झाली की पायवाट पडते. केसपेशींचेही असेच होते. फरक इतकाच की, पायवाट मोडली तर हरळी पुन्हा फुटते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. माणसाच्या कानातील मेलेली केसपेशी मात्र पुन्हा उगवत नाही. कोणतेही औषध, तेल किंवा काढा तिला परत आणू शकत नाही.

दिवसभर यंत्राजवळ राबल्यावर संध्याकाळी कानांत दडे बसतात, बारीक शीळ वाजत राहते. सकाळपर्यंत कान मोकळे होतात आणि माणूस ते विसरून जातो. वास्तविक कानांनी दिलेली ही पहिली सूचना होय. असे वारंवार होत राहिले की कान पूर्ववत होईनासे होतात. हानीचा आरंभ बारीक, उंच आवाजांच्या बाजूने होतो. ‘आ’, ‘ओ’ यांसारख्या स्वरांचा जड नाद ऐकू येत राहतो. पण स, श, फ, थ असे हवेचे वर्ण निसटू लागतात. बाजार समितीच्या लिलावात ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतील भेद कळेनासा होणे शेतकऱ्यास परवडणारे नाही. अशा माणसाची तक्रार ‘मला ऐकू येत नाही’ अशी क्वचितच असते. ‘हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात’ अशी असते. घरात बायकामुलांचे बोलणे त्याला प्रथम कळेनासे होते. पंपाच्या आवाजातील बदल किंवा मागून येणाऱ्या गाडीचा इशारा चुकू लागला, तर गोष्ट याहून गंभीर म्हणावी लागेल. चाळिशीच्या आतबाहेरील गृहस्थाने हे सारे वयावर ढकलणे योग्य नव्हे.

आवाज डेसिबल या मापाने मोजतात. साधे संभाषण साठ डेसिबलच्या आसपास असते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून आठ तासांपर्यंत सोसावा, त्यापुढे नाही, अशी मर्यादा तज्ज्ञ सांगतात. पुढचा हिशेब साधा आहे. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सोसण्याचा वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे. बिनकेबिनचा ट्रॅक्टर व मळणी यंत्र यांजवळ ९० ते १०० डेसिबल आवाज असणे सर्वसाधारण आहे. मोजमापाचे साधन नसले तरी अडत नाही. हात लांब करून जो माणूस गाठता येतो त्याच्याशी बोलण्यास ओरडावे लागत असेल, तर तो आवाज मर्यादेबाहेर आहे असे समजावे.

येथे उगाच घबराट पसरविण्याचे कारण नाही. ज्याचे पीक मळले जाते त्या शेतकऱ्याच्या कानांवर हा मारा वर्षातून दोन-तीन वेळा, काही तास होतो. खरा धोका आहे तो यंत्राबरोबर गावोगाव फिरणाऱ्या टोळीला, आणि त्यातही यंत्राच्या तोंडाशी उभे राहून पेंढ्या सोडणाऱ्याला. पिठाच्या गिरणीचा चालक तर बारमाही चार भिंतींत असतो, आणि भिंती आवाज परत त्याच्याच अंगावर टाकतात. भाड्याने नांगरट करणारा ट्रॅक्टरचालक इंजिनावर मात करण्यासाठी गाणी मोठ्याने लावतो. ही करमणूक त्याला फार महाग पडते. वरातीत ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या मुलांविषयीही हेच म्हणता येईल.

उपायांत सर्वांत स्वस्त उपाय अंतराचा. उघड्या रानात यंत्रापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. यास्तव ज्यांचे यंत्रापाशी काम नाही त्यांनी तेथे थांबू नये. तान्ह्या मुलाची झोळी जवळच्या झाडाला न बांधता बांधावरच्या दूरच्या झाडाला बांधावी. पेंढ्या सोडणाऱ्याची पाळी तासातासाने बदलावी. सैल झालेले पत्रे आवळावेत, वंगण वेळेवर द्यावे. ट्रॅक्टरचा फुटका सायलेन्सर बदलावा. तो हौसेने काढून टाकणाऱ्यांस काय म्हणावे!

कापसाचे बोळे किंवा कानांवर गुंडाळलेला रुमाल यांचा उपयोग नाममात्र होतो. औषधांच्या दुकानांत फोमचे कर्णबोळे थोडक्या पैशांत मिळतात. हात स्वच्छ धुऊन, विशेषतः खत वा कीटकनाशक हाताळले असल्यास साबणाने धुऊन, बोळा बोटांनी वळून बारीक करावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर व मागे ओढावी, बोळा आत सारावा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरावा. अर्धवट बसविलेला बोळा न बसविल्यासारखाच. बोळे मध्येच काढून ठेवण्याची सवयही घातक आहे. तीस डेसिबल आवाज अडविणारे बोळे आठ तासांपैकी एकच तास काढून ठेवले, तर दिवसाचे संरक्षण नऊ डेसिबलवर येते. कानांवर बसविण्याच्या वाट्या वापरणाऱ्याने मुंडासे कानांवरून वर सारावे. कान वाहत असेल किंवा पडद्यास भोक असेल तर डॉक्टरांस विचारल्याशिवाय काहीही कानात घालू नये.

बोळे घातल्यावर हाक ऐकू येणार नाही, अशी शंका कोणी काढील. चालू यंत्रापाशी हाक तशीही ऐकू येत नाही. मळणीपूर्वी हाताच्या खुणा ठरवाव्यात. दोन्ही हात वर म्हणजे यंत्र तत्काळ बंद, एवढी एक खूण तरी टोळीतील प्रत्येकास पाठ असावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी यंत्रमालकांची भेट घेऊन बोळे कसे बसवावेत हे स्वतःच्या कानावर करून दाखवावे. नुसत्या सांगण्याने ते कोणी नीट बसवीत नाही. ज्यांच्या कानांत शीळ टिकून आहे किंवा ज्यांना बोलणे समजत नाही, अशांना जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात श्रवणचाचणीसाठी पाठवावे. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले तर मात्र एक दिवसही न थांबता जावे. नेहमीच्या चाचणीसाठी जाणाऱ्याने आदल्या दुपारपासून यंत्र, गिरणी व ध्वनिवर्धक यांपासून दूर राहावे. नाही तर तात्पुरते बसलेले दडेही कायमच्या बहिरेपणात मोजले जातात.