ठरावाआधीची बैठक

नेतृत्वविकासाची शिबिरे आता तालुक्याच्या गावीही होतात. दोन दिवस फळ्यावर सचोटी, पारदर्शकता, सहभाग असे शब्द लिहिले जातात, सगळे मान डोलावतात आणि सोमवारी कचेरीत मागील पानावरून पुढे सुरू होते. शिबिर घेणाऱ्यांच्या तळमळीवर मला शंका घ्यायची नाही. मूल्य ऐकून कळते, पण अंगी बाणायला ते वेगळ्या मताच्या माणसांसमोर पुन्हा पुन्हा तपासून घ्यावे लागते, आणि त्यासाठीची जागाच आपल्या संस्थांत नसते. जिथे निर्णय व्हायचा असतो तिथे जो तो आपली बाजू लढवतो. मत बदलले तर तो पराभव ठरतो. म्हणून विचार करायची बैठक निर्णयाच्या बैठकीपासून वेगळी काढली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. असे करणारे एक गाव महाराष्ट्रातच आहे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे जेमतेम शंभर घरांचे गाव. ऐंशीच्या दशकात इचंपल्ली आणि भोपालपटनम या धरणांविरुद्ध आंदोलन झाले, त्यात हे गाव उतरले होते. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही गावाची घोषणा पुढे गाजली. घोषणेमागची रचना मात्र फार कमी लोकांनी नीट पाहिली. मेंढ्यात दोन वेगळ्या बैठका होतात. ग्रामसभा निर्णय घेते आणि तो सर्वसहमतीने घेते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलला जातो. अभ्यासगट काहीच ठरवत नाही. ज्याला विषयाची ओढ आहे त्याने यावे, बाहेरच्या जाणकाराला बोलवावे, कायदा वाचावा, शंका काढाव्यात. जयप्रकाश नारायणांच्या चळवळीतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल या अभ्यासात वर्षानुवर्षे गावाबरोबर होते, आणि गावचे पुढारी देवाजी तोफा यांचे नेतृत्व या बैठकांच्या सोबतीने घडत गेले. ठरवायचे काहीच नसले की काल ठामपणे मांडलेले मत आज मागे घ्यायला संकोच वाटत नाही. दारूचाच प्रश्न घ्या. मोहाची दारू देवकार्याला लागते आणि तीच घराघरांत मारहाणीला निमित्त होते. नुसता बंदीचा हुकूम काढला असता तर तो कुणी पाळला नसता. बायकांनी विषय लावून धरला, परंपरेचे काय हा सवाल टाळला नाही, आणि देवापुरती मुभा ठेवून गाव बाकीच्या दारूविरुद्ध एक झाले.

या सवयीची खरी कसोटी बांबूने घेतली. वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. २००६च्या या कायद्यात बांबू गौण वनोपजात मोडतो. वनखाते मात्र १९२७च्या वन कायद्यावर बोट ठेवून त्याला झाड म्हणत होते. तोडलेला बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना हवा आणि तो खात्याच्या हाती. कायदा काय म्हणतो हे गावाला ठाऊक होते, म्हणून तो वाद त्यांना नेटाने लढवता आला. अखेर एप्रिल २०११मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. परवाना फाडायचा अधिकार गावाकडे आला, त्यामागून पैसाही. अशा वळणावर कितीतरी चळवळींची वाट लागते. मेंढ्यात मात्र २०१३मध्ये जमीनमालकांनी आपली खासगी मालकी ग्रामदान कायद्याखाली गावाच्या नावे केली. फक्त पुढाऱ्याने त्याग करावा, अशी अपेक्षा इथे नव्हती.

गाव लहान, एकाच जमातीचे, म्हणून जमले, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. एकमेकांना ओळखणाऱ्यांत बोलणे सोपे असते. पण गडचिरोलीत अशी लहान गोंड गावे पुष्कळ आहेत, आणि लहान असण्यामुळेच सगळे साधले असते तर ती सगळी मेंढ्यासारखी झाली असती. संवादात वेळ जातो, हेही खरे. घाईचा ठराव अंमलात आणताना जो वेळ जातो तो मात्र कुणी हिशेबात धरत नाही. मला जास्त गंभीर वाटतो तो तिसरा आक्षेप. सर्वसहमतीच्या नावाखाली दुबळ्याला गप्प बसवता येते. म्हाताऱ्या-कोताऱ्यांपुढे सून काय बोलणार? वरिष्ठांपुढे कारकून काय बोलणार? अभ्यासगट यावर अर्धा उपाय आहे, कारण तिथे निदान विरोध करण्याची सवय लागते, तीही काही पणाला लागलेले नसताना. उरलेला अर्धा भाग मानाच्या माणसाने किती वेळ तोंड मिटून ऐकायचे, यावर अवलंबून राहतो. नेत्याचे मूल्यशिक्षण मला त्या ऐकण्यात दिसते.

शहरात हे करून पाहायला पुनर्विकासाइतका जवळचा विषय नाही. मुंबई-पुण्याच्या जुन्या सोसायट्यांत बिल्डरचा प्रस्ताव बहुतेक सभासदांना थेट सर्वसाधारण सभेत कळतो आणि त्याच सभेत हात वर करायचे असतात. त्याआधी काही महिने, एकही ठराव न मांडता, कराराचा मसुदा कलमागणिक वाचायला बसता येईल. तळमजल्यावरचे भाडेकरू, एकटी राहणारी वृद्ध बाई, गॅलरी बंद करून खोली वाढवलेला शेजारी, सगळ्यांनी यावे, सेक्रेटरीने सर्वांत शेवटी बोलावे, आणि त्या बैठकांत कुणाकडूनही संमतीपत्रावर सही घेऊ नये.