मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर : घरातील मुलांना काय सांगावे?

घरातील एखाद्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, की सारे घर रुग्णालयाकडे धाव घेते. औषधे, रक्ताची सोय, पैशांची जुळवाजुळव यांत वडीलधारी माणसे गुंतून जातात आणि मुलांची रवानगी आजोळी किंवा शेजारी होते. ‘बाबा गावाला गेले आहेत,’ एवढेच त्यांना सांगण्यात येते. हेतू चांगला असतो. परंतु दबक्या आवाजातील बोलणे आणि आईचे सुजलेले डोळे मुलांच्या नजरेतून सुटत नाहीत. खरे कारण न कळल्यास ती स्वतःच एखादे कारण कल्पितात आणि ते बहुधा खऱ्याहून भयंकर असते.

वयानुसार सांगणे

पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलास घडलेल्या गोष्टीचे कारण आपणच आहोत, असे वाटण्याचा संभव असतो. ‘मी दंगा केला म्हणून बाबांचे डोके दुखू लागले,’ हा समज त्याच्या मनात घर करतो. ‘हे तुझ्यामुळे झालेले नाही,’ असे त्यास न विचारताच आणि पुनःपुन्हा सांगावे. शाळकरी मुलांना थोडी माहिती द्यावी : डोक्याच्या हाडाचा लहानसा भाग उघडून डॉक्टरांनी आतला दोष दूर केला, मेंदूला सूज आहे, ती उतरण्यास वेळ लागेल. मोठी मुले घरकामाचा भार मुकाट्याने उचलतात, म्हणून ती निश्चिंत आहेत असे समजू नये.

भेटीपूर्वीची तयारी

बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात काणकोण, पेडणे येथपासून शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापर्यंतचे रुग्ण येतात. अंतरामुळे मुलांची भेट लांबते. शिवाय अतिदक्षता विभागात लहान मुलांना प्रवेश द्यावा की नाही, हे प्रत्येक रुग्णालयाच्या नियमांवर अवलंबून असते. म्हणून परिचारिकेस आधी विचारावे.

भेट शक्य असल्यास काय दिसेल हे मुलास अगोदर सांगावे. डोक्यावरील केस काढलेले असतील, पट्टी असेल, चेहरा व डोळे सुजलेले असतील. सलाईनची व लघवीची नळी असेल. कधी श्वासासाठी यंत्रही लावलेले असते. परिचारिका वारंवार नाव विचारते, हात दाबावयास सांगते, डोळ्यांत विजेरीचा प्रकाश टाकते. हा त्रास देणे नव्हे. ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या शल्यचिकित्सकांनी १९७४ साली शुद्धी मोजण्याची जी पद्धत मांडली, तीनुसार ३ ते १५ गुण देऊन रुग्ण कितपत सावध आहे, हे पाहिले जाते. मूल घाबरले आणि आत जावयास तयार नसले, तर आग्रह करू नये. त्याने काढलेले चित्र, लिहिलेली चिठ्ठी किंवा ध्वनिमुद्रित केलेला आवाजही रुग्णापर्यंत पोहोचविता येतो.

स्वभावातील बदल

मुलांना सर्वांत अधिक बोचते ते वागण्यातील परकेपण. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवितो आणि बहुतेकांची वाणीही त्याच बाजूस असते. तेथे इजा वा सूज असल्यास शब्द आठवत नाहीत, हात उचलत नाही. कपाळामागील भागास धक्का पोहोचल्यास रुग्ण चिडतो किंवा उदासीन दिसतो. अशा वेळी ‘बाबांचे प्रेम कमी झालेले नाही; मेंदू अद्याप दमलेला आहे,’ हे स्पष्ट सांगितले नाही, तर मूल तो राग स्वतःवर ओढवून घेते. घरी आल्यावरही थकवा आठवडे, कधी महिनेही टिकतो. त्या काळात शांतता राखणे, पाणी देणे, वर्तमानपत्र वाचून दाखविणे अशी लहान कामे मुलांना द्यावीत. मात्र रुग्णाची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नये.

कठीण प्रश्न

‘बाबा मरणार का?’ हा प्रश्न आल्यास तो टाळू नये. खोटे वचनही देऊ नये. ‘आजार मोठा आहे. डॉक्टर सर्व प्रयत्न करीत आहेत. काही बदल झाला तर तुला आम्हीच सांगू,’ हे उत्तर पुरेसे असते. दिलेला शब्द मात्र पाळला पाहिजे, कारण मुलाचा सारा विश्वास त्यावर उभा असतो.

शाळेतील शिक्षकांनाही परिस्थितीची कल्पना द्यावी. झोप न लागणे, पुन्हा अंथरूण ओले करणे, अभ्यासातून लक्ष उडणे या गोष्टी काही आठवडे टिकल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयीचे मार्गदर्शन विनामूल्य मिळते.