नापास नायकाची मोहिनी

रोमँटिक कॉमेडी, म्हणजे प्रेमकथा विनोदाच्या अंगाने फुलवणारा चित्रपट, सहसा ठरलेल्या वाटेने जातो: नायक-नायिका भेटतात, गैरसमज होतात, काही काळ ताटातूट होते आणि शेवटी लग्न लागते. फेब्रुवारी १९९४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘कभी हाँ कभी ना’ या हिंदी चित्रपटातही अखेरीस चर्चमध्ये लग्न लागते, मात्र नवरदेव नायक नसतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घडलेले आणि ‘जाने भी दो यारों’ने नावारूपाला आलेले दिग्दर्शक कुंदन शाह यांनी नायकाला हरू दिले, आणि चित्रपटाचा गोडवा या हरण्यातच आहे.

गोव्यात राहणारा सुनील (शाहरुख खान) अभ्यासात यथातथाच आहे. पुन्हा नापास झाल्यावर तो बनावट गुणपत्रिका मिळवून घरी दाखवतो आणि वडिलांचा आनंद पाहून मनातून खजील होतो. वडिलांच्या भूमिकेत अंजन श्रीवास्तव आहेत. शाह यांच्याच ‘वागळे की दुनिया’ या मालिकेमुळे मध्यमवर्गीय गृहस्थ म्हणून घरोघरी ओळखला गेलेला हा चेहरा मुलाच्या निकालाने हरखून जातो, तेव्हा प्रेक्षकाला हसावे की ओशाळावे हे कळेनासे होते. ज्या ॲनावर (सुचित्रा कृष्णमूर्ती) सुनीलचा जीव जडला आहे, तिचे मन ख्रिसकडे (दीपक तिजोरी) आहे. दोघांत फूट पाडण्यासाठी सुनील थापा मारतो, त्या उघडकीस येतात आणि मित्रांच्या बँडमधून त्याची हकालपट्टी होते. थोडक्यात, सुनील खोटे बोलतो, पण त्याला ते जमत नाही.

त्याला जमते ते ट्रम्पेट, म्हणजे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य. हे वाद्य त्याच्या हाती असणे केवळ शोभेपुरते नाही, कारण गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवण्याची परंपरा जुनी आहे आणि त्या शिक्षणाच्या बळावरच अनेक गोवेकर वादक मुंबईच्या जॅझ बँडमध्ये आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. चिक चॉकलेट आणि ख्रिस पेरी यांनी ट्रम्पेट गाजवले. सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस हे संगीत संयोजक, म्हणजे चालीभोवती कोणते वाद्य केव्हा आणि कसे वाजावे हे लिहून देणारे जाणकार होते. घरच्यांच्या लेखी वाया गेलेला सुनील या दृष्टीने पाहिल्यास बऱ्यापैकी मोठ्या कुळातला ठरतो. जतीन-ललित यांच्या चाली आणि सत्तरी ओलांडलेल्या मजरूह सुलतानपुरींचे तरुण शब्द यांमुळे त्याचे हे संगीतवेड पटतेही.

सारेच काही जमून आलेले नाही. एका गुंडाचे उपकथानक मध्ये मध्ये रेंगाळते आणि ॲनाला स्वतःचे असे मन फारसे मिळत नाही. ती बहुतेक वेळ दोन तरुणांच्या ओढाताणीतच उरते. नसीरुद्दीन शाह यांचे फादर ब्रागँझा मात्र थोड्या वेळात भाव खाऊन जातात.

या चित्रपटाचे वेगळेपण तेव्हाच्या काळाशी ताडून पाहिल्यावर अधिक उठून दिसते. जेमतेम दोन महिने आधी, डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या ‘डर’मध्ये शाहरुख खान यांनीच नकार न पचवणारा, प्रेमाच्या नावाखाली धाक घालणारा तरुण रंगवला होता. सुनीललाही नकारच मिळतो आणि सुरुवातीला तोही कपटाचाच मार्ग धरतो. परंतु लग्नाच्या वेळी अंगठी हरवते, सगळे वाकून वाकून शोधू लागतात आणि ती नेमकी सुनीलच्याच नजरेस पडते, तेव्हा तो ती ख्रिसला मिळू देतो. त्या क्षणापूर्वी हा पठ्ठ्या ती लपवणार तर नाही ना, अशी शंका प्रेक्षकाच्या मनात येते, आणि ती येणे हेच पटकथेचे यश आहे, कारण सुनील साधुपुरुष असल्याचे तिने कुठेही भासवलेले नाही. शेवटी रस्त्यात जुही चावला भेटते, तीही पाहुण्या कलाकाराच्या छोट्या भूमिकेत. सुनीलच्या पदरात त्यापलीकडे काही पडत नाही.

फिल्मफेअरने त्या वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार शाहरुख खान यांना ‘बाजीगर’मधील खुनी नायकासाठी दिला, सुनीलसाठी त्यांना समीक्षकांचा पुरस्कार मिळाला.